मधमाश्यांशी खोटं बोलू नये

२३ एप्रिल १८६१, विलोबँक

पोहोचलो एकदाचा. नदीच्या धक्क्यापासून इथवर गाडीने दोन तास लागले, आणि दोन्ही तास मी पोरासारखा मान वळवून वळवून बघत होतो. सफरचंदाच्या बागा फुलून पांढऱ्या झाल्या आहेत. प्रत्येक फाटकावर नवं निशाण. एका वळणावर चार मुलींनी माझ्यावर फुलं फेकली. त्यांना वाटलं, मी फौजेत निघालोय. सदुसष्टाव्या वर्षी! गाडीवान म्हणाला, मास्तर, जरा वाकून बसा, नाहीतर कुणीतरी बंदूकसुद्धा देईल हातात.

गेल्या आठवड्यात आमचं व्हर्जिनिया राज्य अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालं आणि माझी शाळा मिटली. कवितेचं दुसरं कडवं ज्यांच्या जन्मात पाठ झालं नाही, ती मोठी मुलं तोफांची नावं घडाघडा म्हणत भरतीला गेली. रिकाम्या बाकांना किती दिवस शिकवणार? तेवढ्यात विधवा मिसेस व्हिटलो यांचं पत्र आलं. त्यांची मुलगी लेटी अकरा वर्षांची आहे. तिला वाचन आणि कवितापठण शिकवायचं.

मला वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली मिळाली आहे. खिडकीखाली बाग, आणि बागेत मधमाश्यांचे नऊ ओंडके. पोकळ झाडाचे, उभे पुरलेले, वर फळीचं छप्पर. दुपारी त्यांच्या गुणगुणीवर मला अशी झोप लागली, जशी आईच्या मांडीवर लागायची.

स्वयंपाकीण डोर्कस हिने मक्याच्या पावाबरोबर मधाचं अख्खं वाडगं पुढे ठेवलं. म्हणाली, एवढा वाळका मास्तर ठेवला तर लोक बाईसाहेबांना नाही, मला नावं ठेवतील.

२५ एप्रिल

आज माझी ओळख करून देण्यात आली. मधमाश्यांशी.

माश्या एनॉककाका बघतो. साठीचा आहे, या घराच्या गुलामांत सगळ्यांत जुना. कमरेला कोठीची मोठी किल्ली. त्या किल्लीने त्याने प्रत्येक ओंडक्यावर तीनदा टकटक केलं आणि शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, हे पीक मास्तर. मंगळवारी आले. लेटीला शिकवणार. पूर्वेच्या खोलीत निजतात. खात काहीच नाहीत, डोर्कस म्हणते. असं नऊ वेळा. मला हसू आलं, पण टोपी काढावीशीही वाटली.

घरात जे घडेल ते माश्यांना सांगायचं असतं, असं तो म्हणाला. कोण जन्मलं, कोण आलं, कोण निघालं. आणि मरण तर त्याच दिवशी. ओंडक्याला काळं फडकं बांधून. मरण लपवलं, तर त्या मरतात, किंवा गेलेल्या माणसाला शोधत घरात शिरतात. मी गमतीने विचारलं, आणि खोटं सांगितलं तर? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, माशीशी खोटं बोलून माणसाला काय मिळणार, मास्तर?

मग एक छप्पर उचलून त्याने मला आतला उंदीर दाखवला. थंडीत ऊब शोधत शिरला आणि आत मेला. माश्यांना तो उचलून बाहेर टाकता येईना, म्हणून त्यांनी झाडांचा चीक आणून त्याला नखशिखान्त मढवला होता. तपकिरी, चकचकीत, मिशीचा केस न् केस दिसत होता. मी मागे सरलो. एनॉककाका म्हणाला, राग नसतो त्यांचा. घर स्वच्छ ठेवतात, इतकंच.

१४ मे

थिओ आज लढाईला गेला. बाईसाहेबांचा एकुलता मुलगा, बावीस वर्षांचा. त्याच्याबरोबर चाकरीला एनॉककाकाचा वायली. दोघं एकाच आठवड्यात जन्मले, एकाच बाईचं दूध प्यायले. एक घोड्यावर, दुसरा मागून खोगीरपिशव्या घेऊन. वायली खोडकर आहे. मला म्हणाला, मास्तर, गोळी चुकवणारी एखादी कविता असेल तर शिकवा, लांबलचक नको. बापाला तो म्हातारबा म्हणतो. निघताना म्हणाला, म्हातारबा, माझ्याशी नाही बोललास एवढं माश्यांशी बोललास आयुष्यात. आता माझ्याबद्दल तरी बोल.

एनॉककाकाने ओंडक्यांना सांगितलं, वायली चालला. परत येणार आहे.

दुपारी एका ओंडक्यातून मोहोळ उठलं. अर्ध्या माश्या राणीसकट झाडावर जाऊन लोंबल्या. ते खाली बसावं म्हणून डोर्कस आणि पोरी थाळ्या बडवत धावल्या. मी लेटीला म्हटलं, बघ, यासुद्धा फुटून निघाल्या. डोर्कसने थाळी थांबवली. म्हणाली, पण यांच्या मागे कुणी कुत्रे नाही सोडत, मास्तर. आणि पुन्हा बडवायला लागली.

लेटीचा आवाज गोड आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे तिला एकदा सांगितलं की पुरतं.

३१ जुलै

थिओचं पत्र आलं. दहा दिवसांपूर्वीच्या मोठ्या लढाईत आपली सरशी झाली, तो सुखरूप आहे. बाईसाहेबांनी ते मला मोठ्याने वाचायला दिलं. शेवटच्या ओळी अशा होत्या: “वायली गेला. ओढ्यावर पाणी आणायला गेला होता, तिथे गोळी लागली. तिथेच पुरलं. दुसरं कुणी पाठवता येईल का?”

बाईसाहेबांनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, हे एनॉकला कळता कामा नये. समुद्राकाठच्या किल्ल्यात उत्तरेची फौज आहे. शेजारच्यांचे सात गुलाम तिकडे पळाले, आणि तिकडे पोहोचलेल्याला ते परत देत नाहीत. एनॉक इथे राहिलाय तो वायली थिओपाशी आहे म्हणून. तो गेला तर सगळे त्याच्या मागे जातील आणि हे घर बसेल. लढाई संपली की सांगू. तोवर त्याला काहीतरी वाचून दाखवा. तुमच्यापाशी शब्द आहेत, मास्तर.

आणि दाराशी वळून म्हणाल्या, जिवंत असेपर्यंत पूर्वेची खोली तुमची.

विचार करून सांगतो, असं मी म्हटलं. विचार काय करायचा होता! मला दुसरी खोली नाही.

१ ऑगस्ट

एनॉककाका म्हणाला, ओंडक्यांपाशी वाचा, त्यांनाही ऐकू द्या.

मी थिओचं तेच पत्र हातात धरलं आणि वायलीचा निरोप ‘वाचला’. पूज्य बाबा, मी खुशाल आहे. इथला झरा रुपेरी कंठाने गातो, तेव्हा मला आपली बाग आठवते. असं बरंच. आपल्याला इतकं सुचेल असं वाटलं नव्हतं. एनॉककाका टोपी छातीशी धरून उभा होता. शेवटी त्याने टोपीने डोळे टिपले, आणि खरं सांगायचं तर मीही रुमाल काढला.

मग त्याने तो कागद मागितला. नाही कसं म्हणणार? त्याला वाचता येत नाही. गुलामांना शिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्याने कागद मेणकापडात गुंडाळला आणि पहिल्या ओंडक्याच्या बुडाशी दगडाखाली ठेवला. म्हणाला, इथे सुखरूप राहील.

कुणाचं वाईट झालं यात? एका बापाला आनंद झाला. मी छत्तीस वर्षांत कुणाला छडीसुद्धा मारली नाही.

११ सप्टेंबर

थिओचं दुसरं पत्र आलं. वायलीचं नावही नाही. मी ओंडक्यांपाशी दुसरा निरोप वाचला. हा पहिल्यापेक्षा सरस उतरला. शरदातल्या चांदण्यावर चार वाक्यं होती.

वाचता वाचता गुणगुण थांबली. सगळ्या नऊ ओंडक्यांची, एकदम. वर्गात कुणी खोटी सबब सांगितली की पोरं जशी चिडीचूप होतात, तशी. माझं वाचून झालं, तरी एनॉककाका कान देऊन उभा होता.

पहिला ओंडका मेला आहे. छप्पर काढलं तर आत माश्यांचा थर, हातभर जाड. रोग नाही, कीड नाही. मध भरलेला तसाच.

२० ऑक्टोबर

आणखी एक ओंडका गेला. एनॉककाका घरभर विचारत फिरला, न सांगितलेलं मरण आहे का कुठे? नदीपलीकडच्या नातेवाइकांचंही विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही. मला वाटतं, त्या खोटं बोलल्याच नाहीत. वायली त्यांच्या लेखी घरातला नव्हता.

मलाही विचारलं. मी नाही म्हटलं, आणि त्याला बरं वाटावं म्हणून तिसरा निरोप वाचला. या वेळी बुटक्या वाक्यांचा. कारण काल डोर्कस भाजी चिरता चिरता म्हणाली होती, लढाईने वायलीला फारच सुधारलं हो! पूज्य बाबा म्हणतो. झऱ्याला कंठ फुटलेत. आणि माझ्याकडे न बघता सुरी धारेला लावली.

संध्याकाळपर्यंत तिसरा ओंडका गप्प.

१७ डिसेंबर

बर्फ पडलंय. थंडीत माश्या ओंडक्यात गोळा होऊन बसतात, बाहेर येत नाहीत. तरी आज शिकवताना दौतीच्या काठावर एक बसलेली. हाकलली तर गेली नाही, चावलीही नाही. माझ्या ओठांकडे तोंड करून बसून राहिली. मी कविता म्हणायला लागलो की पंख हलवायची. थांबलो की थांबायची.

भिंतीतून गुणगुण येते. लेटीला ऐकू येत नाही.

तिच्यात एक ठेका आहे. लघु, गुरू, लघु, गुरू. ओळखीचा वाटतो. पहिल्या निरोपातल्या त्या झऱ्याच्या वाक्याचा आहे.

६ एप्रिल १८६२

उत्तरेची फौज खाली नदीच्या मुखाशी उतरली आहे. बाईसाहेब चांदीची भांडी मोजत असतात. बागा पुन्हा फुलल्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खिडकी उघडवत नाही. काचेवर माश्या बसतात, बाहेरून, माझ्या तोंडाच्या उंचीवर.

एनॉककाकाला सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. एकदा जिन्यापर्यंत गेलो. मग खोली आठवली.

२७ एप्रिल, रविवार

आज —

चर्चहून आल्यावर एनॉककाका मेलेला पहिला ओंडका उपटून साफ करत होता. दगडाखालचं मेणकापड निघालं. लेटी तिथेच खेळत होती. वायलीचं पत्र ना? मी वाचते, असं म्हणाली. मी खिडकीत होतो. काच बंद. हाक मारली, ती काचेवरच राहिली.

तिने वाचलं. ताठ उभी राहून, हात मागे बांधून, मी शिकवलं तसं. स्वल्पविरामाला थांबत. “वायली गेला,” इथे तिने आवाज खाली आणला, कारण अशा जागी आणायचा असतो हे तिला माहीत आहे. मग तिला अर्थ कळला असावा.

एनॉककाका तिला म्हणाला, बाळ, शेवटचं पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं.

त्याने टोपी काढली. कमरेची किल्ली सोडली आणि सहाही जिवंत ओंडक्यांना सांगितलं. काळी फडकी बांधली. तेव्हा जी गुणगुण उठली, ती मी कधी ऐकली नव्हती. चर्चमध्ये सगळा समुदाय एका सुरात उभा राहावा तशी. घराच्या काचा थरथरत होत्या.

तासाभराने तो माझ्या दाराशी आला. आत आला नाही. इतकंच म्हणाला, नऊ महिने मी त्यांना सांगत होतो, तो येतोय म्हणून. मला फसवलंत ते कळतं, मास्तर. मला सगळेच फसवतात. त्यांना का फसवलंत?

मला उत्तर आलं नाही. छत्तीस वर्षं मी पोरांना अशाच वेळी बाकावर उभं करत आलो.

२९ एप्रिल

एनॉककाका गेला. डोर्कस गेली. घरचे अकराच्या अकरा गुलाम पहाटे होडीने नदी उतरून फौजेकडे गेले. कोठीची किल्ली बागेच्या फाटकाला टांगलेली आहे.

ओंडक्यांवर आज दोन दोन फडकी आहेत. परवा एकेकच होतं. दुसरं कुणाचं, म्हणून लेटीला विचारलं. ती फडक्याची गाठ चाचपत राहिली. मग म्हणाली, काल संध्याकाळी त्याने सगळ्यांना टकटक करून सांगितलं, पीक मास्तर गेले. पूर्वेच्या खोलीत आहेत.

मी हसलो. लेटी हसली नाही. म्हणाली, एनॉककाका माश्यांशी खोटं कधीच बोलत नाही.

१ मे

आता बाईसाहेब स्वतः टेबल मांडतात. दोन ताटल्या. मी तिसरी कपाटातून घेतली. कुणी काही म्हटलं नाही. मीठ मागितलं, दोघींपैकी कुणी दिलं नाही. घाईत असतात. फौज जवळ येते आहे.

लेटीने धडा म्हणून दाखवला, पण माझ्या खुर्चीकडे न बघता. चुकली तिथे मी टोकलं. ती तशीच पुढे म्हणत राहिली.

खिडकीवर माश्या नाहीत आज. एकही नाही. बरं वाटायला हवं.

३ मे

तोफा ऐकू येतात. बाईसाहेब आणि लेटी रिचमंडला गेल्या. मी बोचकं घेऊन खाली आलो, तर गाडी वळणापलीकडे. मी हाका मारल्या. माझा आवाज अजून चांगला आहे, मोठा वर्ग सांभाळलेला —

वर आलो. दाराच्या मुठीला सफरचंदाच्या फुलांचा हार अडकवलेला. लेटीने केला असणार. माणूस गेल्यावर दाराला बांधतात तसा.

गुणी मुलगी आहे.

४ मे, दुपार

उपाय साधा आहे. सांगायचं. फाटकाची किल्ली घेतली, तीनदा टकटक केलं. म्हटलं, मी लेम्युएल पीक. मी गेलेलो नाही. चालतो, बोलतो आहे. एनॉककाकाने रागाच्या भरात —

त्या गप्प झाल्या. ऐकत होत्या. मी सगळं सांगितलं, खोटं नाही, अक्षर न् अक्षर खरं. वायलीचंही. त्याची क्षमाही मागितली. सहाही ओंडक्यांपाशी.

मग त्यांची गुणगुण पुन्हा सुरू झाली. लघु, गुरू, लघु, गुरू. झऱ्याचं वाक्य.

माझा आवाज त्या ओळखतात. याच जागी तीनदा ऐकलाय.

५ मे

खिडकीच्या फटीत तपकिरी रेघ आहे. नखाने खरवडली. चिकट. वास गोड, झाडाच्या सालीसारखा.

मी चालत निघायला हवं होतं काल. पण गुडघा — आणि कुठे? आधी जरा पडतो.

संध्याकाळ. रेघ बोटभर रुंद झाली. खिडकी उघडत नाही.

६ मे

दाराची फट भरली. कुलपाचं भोक भरलं. खांदा लावून पाहिला. पलीकडून हजारो पाय चालल्याचा आवाज, मऊ.

ओरडलो. घरात कोण आहे ऐकायला?

बाईसाहेबांनी शब्द पाळला. खोली माझीच.

७ मे

धुराड्यातून आत येतात. रांगेने. प्रत्येकीच्या पायाला चिकाचा थेंब. भिंत चकाकते आहे. वाडग्यात उरलेला मध होता, त्याला शिवत नाहीत.

एकही चावत नाही. राग नाही त्यांचा.

उंदराच्या मिशा आठवतात.

दुपार

डाव्या हाताची बोटं आता सुटी होत नाहीत. दुखत नाही. ऊब आहे. उजव्याने लिहितो आहे, तो हलत असतो म्हणून बहुधा — थांबलो की येऊन बसतात —

म्हणून थांबायचं नाही. पाठ आहे ते सगळं लिहितो, जी पहिली आठवेल ती कविता — एकही ओळ येत नाही — झराच येतो, फक्त तो खोटा —

दौत भरली त्यांनी. शाई पुरेल तेवढी —

पापणीवर एक बसली. जड —

एनॉककाका, त्यांना सांग. तुझंच ऐकतात. त्यांना सांग की मी अजून जि